वैमानिकांच्या शाळेतील ठेकेदार

१९८१ च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकन नौदलाने आपल्या नव्या प्रशिक्षण-विमानासाठी मॅक्डोनेल डग्लस कंपनीची निवड केली. विमान मूळचे ब्रिटिश. हॉकर सिडलेच्या कारखान्यात जन्मलेले ‘हॉक’. विमानवाहू नौकेवरील उतरण्याचा धक्का सोसावा म्हणून त्याची चाके आणि सांगाडा बळकट करण्यात आला व त्याचे ‘टी-४५ गॉसहॉक’ असे नामकरण झाले. परंतु या व्यवहारातील खरी नवलाई विमानात नव्हती. नौदलाने विमान घेतले नव्हते, ‘प्रणाली’ घेतली होती. तिचे पाच भाग होते: विमान, उड्डाणाचा आभास देणारी सिम्युलेटर यंत्रे, संगणकाच्या पडद्यावरून शिकवायचा अभ्यासक्रम, कोणता विद्यार्थी कोणत्या दिवशी कोणत्या शिक्षकाबरोबर कोणत्या विमानात बसेल याची सांगड घालणारी संगणकीय व्यवस्था, आणि देखभालीचे कंत्राट. नौदलाच्या इतिहासातील ही पहिली संपूर्ण एकात्म प्रशिक्षण-प्रणाली, असा तिचा गौरव आजवर केला जातो.

गौरव करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कधी स्पष्ट बोलून दाखविली नाही. कारखानदाराने विमान विकले तर शाळा सैन्याचीच राहते. त्याने पाठ, परीक्षा आणि वेळापत्रकही विकले, तर शाळाच त्याच्याकडे जाते, आणि गणवेशातला शिक्षक त्याच्या यंत्राचा सुटा भाग होतो. विमानाचे आयुष्य संपले की ते भंगारात निघते, पण प्रणालीचे कंत्राट संपत नाही. त्याचे नूतनीकरण होते.

या व्यवस्थेची बाजू मांडणारे लोक मूर्ख नाहीत. जेट विमानाचा आकाशातील एक तास महाग पडतो, सिम्युलेटरचा तास त्याच्या अंशाने पडतो. पडद्यावरचा पाठ विद्यार्थी आपल्या गतीने वाचू शकतो. शेकडो विद्यार्थी, मोजकी विमाने, थकलेले शिक्षक, लहरी हवामान आणि मर्यादित हवाई क्षेत्र यांचा मेळ माणसाने कागदावर घालायचा तर त्याच्या नाकी नऊ येतात. हे काम संगणक क्षणात करतो. यांतले काहीही खोटे नाही. शिवाय कृत्रिम विमानाचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत खासगी विमानकंपन्यांच्या टपाल-ठेक्यांतील भानगडी उघडकीस आल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ते ठेके रद्द करून टपाल लष्कराच्या वायुपथकाकडे सोपविले. धुक्यात व अंधारात केवळ उपकरणांवर नजर ठेवून विमान हाकण्याचा सराव नसलेले तरुण वैमानिक अवघ्या काही आठवड्यांत डझनाने मेले. तेव्हा कुठे लष्कराला एडविन लिंक या ऑर्गन बनविणाऱ्याच्या मुलाने रचलेल्या लाकडी ‘उडत्या’ पेटीची आठवण झाली, आणि त्याच वर्षी त्याची सहा यंत्रे खरेदी करण्यात आली. ऑर्गनच्या भात्यांवर डोलणाऱ्या त्या पेटीने पुढे महायुद्धात असंख्य कोवळे जीव वाचविले. (ठेकेदारांनी केलेल्या घाणीची किंमत वैमानिकांनी मोजली, हा तपशील विमानविद्येच्या इतिहासात सहसा तळटीपेत जातो.)

तेव्हा वाद यंत्राशी नाही. श्रमिकांच्या चळवळीने यंत्राशी भांडण केव्हाच सोडले. ती विचारते ते एवढेच, की यंत्र कुणाच्या हुकमाने चालते, आणि त्याने वाचविलेला वेळ कुणाच्या खिशात पडतो.

लष्कर आणि यांत्रिक शिक्षण यांचे नाते जुने आहे. बी. एफ. स्किनर हा मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात कबुतरांना चोच मारायला शिकवून त्यांच्याकरवी बॉम्ब लक्ष्यावर नेण्याचे प्रयोग करीत होता. तोच पुढे ‘शिकविणाऱ्या यंत्रा’चा प्रमुख पुरस्कर्ता झाला. पाठाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याशेवटी प्रश्न विचारायचा, बरोबर उत्तराला तत्काळ शाबासकी द्यायची. इलिनॉय विद्यापीठात १९६० च्या सुमारास ‘प्लेटो’ ही संगणकीय शिक्षणव्यवस्था उभी राहिली ती अमेरिकन सैन्यदलांच्या पैशावर. सत्तरच्या दशकात लोअरी येथील वायुदल-तळावर तंत्रज्ञांच्या शिक्षणाची सारी घडी संगणकाच्या हवाली करण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचाही ठेकेदार मॅक्डोनेल डग्लसच होता. आणि १९४९ पासून याच वायुदलाने मॅसेच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात अंकनियंत्रित कातयंत्राच्या संशोधनाला पैसा पुरविला. त्या यंत्राची निवड केवळ कार्यक्षमतेसाठी झाली नाही. कुशल कामगाराच्या हातातील आणि डोक्यातील कसब काढून ते व्यवस्थापनाच्या फितीवर नेण्याचा हेतू तीत होता, हे डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखविले आहे. पुढे हाच नोबल विद्यापीठांतील संगणकीय शिक्षणाचा कडवा टीकाकार झाला. त्याला कातकामगार आणि प्राध्यापक यांच्या नशिबात फरक दिसला नाही. उड्डाणशिक्षकाच्या नशिबात तरी तो का असावा?

उड्डाणतळावरील जुना फळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावा लागणार नाही. भिंतीवर मोठा फळा, त्यावर आखलेले रकाने, हाती खडू किंवा मेणाची पेन्सिल घेतलेला एक अनुभवी अधिकारी. तो नावे लिहीत असे, पुसत असे, पुन्हा लिहीत असे. त्याच्या लिहिण्या-पुसण्यात शहाणपण होते. अमुक मुलगा कालच्या उड्डाणात घाबरला आहे, त्याला आज चिडक्या शिक्षकाबरोबर पाठविणे बरे नव्हे. तमुक शिक्षकाचे मूल आजारी आहे, तो ‘ठीक आहे’ म्हणतो पण त्याचे डोळे लाल आहेत. अमक्या विमानाच्या ब्रेकविषयी यांत्रिक पुटपुटत होता, अजून त्याने वहीत काही लिहिलेले नाही. यांतली एकही गोष्ट रकान्यात बसत नाही. संगणकाला शिक्षकाची विश्रांती कळते ती ताशी हिशेबाने: दोन कामांमध्ये नियमाप्रमाणे बारा तास गेले की माणूस ताजा. त्या बारा तासांत तो झोपला की छताकडे पाहत पडला, हे विचारायला यंत्राला तोंड नाही.

आणि वेळापत्रकाच्या यंत्राला एक ध्येय दिलेले असते: विद्यार्थी कमीत कमी दिवसांत बाहेर काढणे. त्याच्या लेखी उड्डाण म्हणजे पुरी करायची ‘घटना’, आणि रद्द झालेले उड्डाण म्हणजे तूट. सावध शिक्षक हा त्याच्या हिशेबात मंद शिक्षक ठरतो. फ्रेडरिक टेलरने १९११ साली पोलादाच्या कारखान्यातील हमालांसाठी मांडलेले तत्त्वज्ञान येथे मुलकी वेष उतरवून गणवेशात वावरते आहे.

पडद्यावरच्या पाठाचीही हीच कथा. वर्गात शिक्षक उभा असतो तेव्हा विद्यार्थी ‘असे का?’ म्हणून विचारू शकतो. पडदा फक्त ‘पुढे’ म्हणतो. पडद्याने जे सांगितले नाही, आणि सिम्युलेटरने जे चुकीचे दाखविले, त्याचा हिशेब धावपट्टीवर होतो. १९ मे २०२० च्या रात्री फ्लोरिडातील एग्लिन तळावर प्रशिक्षणासाठीच असलेल्या एका पथकाचे एफ-३५ विमान उतरताना आपटून जळून गेले. विमानाचा वेग २०२ नॉट, म्हणजे योग्य वेगापेक्षा सुमारे पन्नास नॉटनी जास्त होता. वैमानिकाने वेळीच आसनासह उडी घेतली म्हणून तो वाचला. सुमारे १७ कोटी ६० लक्ष डॉलरचे विमान मात्र राख झाले. वायुदलाच्याच चौकशीने वेगाचा दोष वैमानिकावर ठेवला. त्यात वावगे नाही. परंतु त्याच अहवालात पुढे जे आले आहे ते अधिक मोलाचे आहे. वैमानिक थकलेला होता. विमानाचे नियंत्रण-संगणक अशा प्रसंगी काय करतात याचे ज्ञान त्याला नव्हते, कारण ते त्याला नीट शिकविलेलेच नव्हते. आणि ज्या सिम्युलेटरवर त्याने सराव केला होता त्याचे वागणे या प्रसंगी खऱ्या विमानाशी जुळत नव्हते. विद्यार्थ्याने पाठ घोकला, पण पाठच खोटा होता, असाच याचा अर्थ.

त्याच एफ-३५ च्या मागे ‘एलिस’ नावाची महाप्रचंड संगणकव्यवस्था लॉकहीड मार्टिन कंपनीने उभी केली. देखभाल, सुटे भाग, उड्डाणांचे नियोजन आणि वैमानिकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी हे सारे तिच्या पोटात. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षा-कार्यालयाने २०२० च्या मार्चमध्ये जे सांगितले ते वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. ही व्यवस्था नीट चालत नसल्यामुळे हाताने करावी लागणारी जादा कामे वर्षाला ४५,००० तासांहून अधिक भरतात, असा एका वायुदल-तुकडीचा अंदाज होता. श्रम वाचविण्यासाठी विकत घेतलेल्या यंत्राची हमाली करण्यासाठी सैनिक राबत होते! शेवटी ती व्यवस्था मोडीत काढून तिच्या जागी दुसरी आणण्याचे ठरले. ते काम कुणाला मिळाले? त्याच कंपनीला.

आता २०१७ च्या वसंतात टेक्सासमधील किंग्जव्हिल, मिसिसिपीतील मेरिडियन आणि फ्लोरिडातील पेन्साकोला या तीन तळांवर जे घडले त्याकडे वळले पाहिजे, कारण या साऱ्या प्रकरणातील सर्वांत उजळ पान तेच आहे. गॉसहॉकमध्ये वैमानिकाला प्राणवायू मिळतो तो टाकीतून नव्हे. इंजिनातून घेतलेली हवा रासायनिक चाळणीतून गाळून तिच्यातील नत्रवायू काढला जातो व उरलेली मुखवट्यात येते. वर्षानुवर्षे शिक्षक सांगत होते की हवेत असताना डोके गरगरते, बोटे बधिर होतात, विचार सुचत नाही. अशा तक्रारींची संख्या पाच वर्षांत कित्येक पटींनी वाढली. वरून उत्तर आले ते नेहमीचेच: अभ्यास चालू आहे, दक्षता घ्या. वेळापत्रक चालूच राहिले. मार्चअखेर शंभरावर शिक्षकांनी एकमुखाने सांगितले की या विमानात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन चढणार नाही. संप हा शब्द सैन्यात उच्चारता येत नाही, तेव्हा त्यांनी नियमातीलच आधार घेतला. उड्डाणापूर्वी धोक्याचा अदमास घेऊन नकार देण्याचा प्रत्येक वैमानिकाला अधिकार आहे, तो अधिकार साऱ्यांनी एकदम वापरला. एका दिवशी या तळांवरील शेकडा ४० उड्डाणे रद्द झाली. तत्कालीन उपाध्यक्षांचा मुलगा त्या वेळी मेरिडियन येथेच शिकत होता, त्यामुळे वृत्तपत्रांनाही जाग आली. ५ एप्रिलला नौदलाने सर्व गॉसहॉक जमिनीवर उतरविले. पुढे मर्यादित उंचीपर्यंत उड्डाणे सुरू झाली, मुखवट्याजवळ नवी मापकयंत्रे बसली, आणि इंजिनाकडून चाळणीला पुरेशी हवाच मिळत नव्हती हेही कालांतराने मान्य करावे लागले.

या हकिकतीत संगणकीय समन्वय-व्यवस्था कुठे होती? ती आपले काम चोख बजावत होती. विद्यार्थी, शिक्षक, विमान, वेळ यांची सांगड ती रोज घालत होती. विमानात श्वास घेता येतो की नाही, हा तिचा रकाना नव्हता. ज्यांच्या अनुभवाला ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणून बाजूला सारले होते त्या शंभर माणसांनी एकत्र येऊन यंत्राला ‘थांब’ म्हटले, तेव्हा ते थांबले. एकेकट्याने म्हटले असते तर त्याची बदली झाली असती आणि रकाना दुसऱ्या नावाने भरला असता. संघटनेचे सामर्थ्य सांगण्यासाठी याहून चांगला दाखला गिरण्यांच्या इतिहासातही शोधावा लागेल.

ब्रिटनने तर एक पाऊल पुढे टाकले. २००८ साली तेथील मजूर सरकारने (होय, मजूर!) तिन्ही दलांच्या उड्डाण-प्रशिक्षणाचे पंचवीस वर्षांचे कंत्राट ‘असेंट’ या कंपनीला दिले. कंपनीचे धनी होते लॉकहीड मार्टिन आणि व्ही. टी. ग्रुप. दुसऱ्याची जागा पुढे बॅबकॉकने घेतली. पडद्यावरचे पाठ, सिम्युलेटर, नवी विमाने, आणि वैमानिकांचा नळातल्या पाण्यासारखा अखंड पुरवठा, असे ते आश्वासन होते. २०१० मध्ये सरकारने काटकसरीपायी वैमानिकांची गरज कमी करून सांगितली, २०१५ मध्ये पुन्हा वाढवून सांगितली. सैन्याची स्वतःची शाळा असती तर खुर्च्या हलवून भागले असते. येथे दर वेळी करारच हलवावा लागला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी निकाल दिला: व्यवस्था पूर्ण क्षमतेला पोहोचण्यास सहा वर्षांचा विलंब, आणि लढाऊ जेटच्या वैमानिकाला तयार होण्यास लागणारा काळ ठरल्याच्या जवळपास दुप्पट. ऐन विशीतली मुले दोन अभ्यासक्रमांच्या मधल्या काळात कार्यालयांतून कागद सरकवीत बसली. मग त्यांतील काहींना शिकण्यासाठी परदेशी तळांवर धाडण्यात आले.

गंमत अशी की किंग्जव्हिलचा गॉसहॉक, वेल्समधील व्हॅली तळावरील हॉक आणि कर्नाटकातील बिदरचा हॉक ही एकाच कुळातली भावंडे आहेत. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बिदरला हे विमान येण्यास मात्र जी दिरंगाई झाली तिला तोड नाही. तरुण वैमानिकांसाठी प्रगत जेट प्रशिक्षण-विमान हवे, अशी शिफारस एअर मार्शल ला फोंटेन यांच्या समितीने १९८२ मध्ये केली. करार झाला २००४ मध्ये, आणि बिदरला हॉक दाखल झाले २००८ मध्ये. मधल्या काळात पोरांनी मंदगती विमानांवरून थेट मिग-२१ वर उडी मारली. १९६६ पासून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने गमावली व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणास मुकले, असे संरक्षणमंत्री अँटनी यांनी २०१२ साली संसदेत सांगितले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात गेले, तेव्हा त्यांच्या मुंबईकर आई कविता गाडगीळ यांनी दोष विमानाचा व प्रशिक्षणाचा की केवळ मुलाचा, हा प्रश्न चारचौघांत विचारला. त्यांचे पती स्वतः वायुदलातले वैमानिक. त्या घराला शिस्त शिकविण्याची गरज नव्हती. तरीही प्रश्न विचारणे हाच अपराध असल्याप्रमाणे अधिकारी वर्ग वागला. २०१२ मध्ये पिलाटस कंपनीची ७५ प्राथमिक प्रशिक्षण-विमाने घेतली गेली ती सिम्युलेटर आणि जमिनीवरील शिक्षणसामग्रीसह. म्हणजे प्रणाली विकत घेण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली आहे.

यावर डाव्या गोटातूनच एक आक्षेप येईल, आणि तो टाळणे बरे नव्हे. व्हिएतनामवर आणि इराकवर ज्यांनी आग ओतली त्या दलाच्या वैमानिकांचे प्रशिक्षण नीट होते की नाही, याची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? साम्राज्याची यंत्रे बिघडली तर उत्तमच! हा युक्तिवाद टाळ्या मिळविणारा असला तरी उथळ आहे. वैमानिकाला कुठे धाडायचे हे वैमानिक ठरवीत नाही. ते ठरविणारे सरकार आणि त्याच्या पाठीशी उभे असलेले शस्त्रकारखानदार शाळेचा ठेका घेऊन अधिक बळकट होतात, दुबळे होत नाहीत. दुसरे असे, की जी पद्धत सैन्यात सिद्ध होते ती मुलकी जीवनात यायला फार काळ लागत नाही. कातयंत्राच्या बाबतीत तसेच घडले. आज शाळामास्तर, परिचारिका, बसचालक यांच्या पाळ्या आणि विद्यार्थ्यांचे पाठ कोठल्यातरी कंपनीच्या संगणकातून येऊ लागले आहेत. त्यांना ‘नाही’ म्हणण्याचा तो लेखी अधिकारही नाही, जो किंग्जव्हिलच्या शिक्षकांपाशी होता.

अमेरिकन संसदेने नेमलेल्या लष्करी विमान-सुरक्षा आयोगाने २०२० च्या डिसेंबरमध्ये सांगितले की २०१३ ते २०१८ या काळात युद्धाबाहेरच्या अपघातांत १९८ माणसे मेली आणि १५७ विमाने नष्ट झाली. आयोगाने हेही बजावले की सिम्युलेटर हे उड्डाणाला पूरक आहे, पर्याय नव्हे. त्यानंतर काय झाले? २०२५ मध्ये उघड झाले की नौदलाच्या जेट-विद्यार्थ्याला पदवीचे पंख मिळविण्यापूर्वी विमानवाहू नौकेवर प्रत्यक्ष उतरून दाखविण्याची अट आता उरलेली नाही. ज्या एका कसोटीसाठी हॉकची चाके बळकट करून गॉसहॉक घडविला, तीच अभ्यासक्रमातून गेली. कारण असे दिले जाते की नव्या लढाऊ विमानांतील संगणक उतरणे सोपे करतात आणि सराव सिम्युलेटरवर होतो. शाळेचे दिवस कमी झाले, आकडा सुधारला. पहिले खरे उतरणे आता पुढच्या पथकात, कितीतरी महागड्या लढाऊ विमानात होईल.

भारतीय वायुदल आज ना उद्या हॉकच्या वारसाची निवड करील, आणि त्याच्याबरोबर पाठ व वेळापत्रके यांची पेटीही देऊ केली जाईल. त्या वेळी संसदेत किमतीवर खल होईल, देशी-विदेशीवर होईल. डाव्या सदस्यांनी करारातील तीन कलमे मागून घ्यावीत. वेळापत्रकाचा मूळ आराखडा व नोंदी वायुदलाच्या मालकीच्या असाव्यात, कंपनीच्या नव्हे. यंत्राने ठरविलेले उड्डाण शिक्षकाने कारण देऊन नाकारले तर ते त्याच्या सेवापुस्तकात तूट म्हणून चढू नये. आणि प्रशिक्षणातील प्रत्येक अपघाताचा अहवाल, गुप्ततेचा भाग वगळून, मृताच्या आईवडिलांच्या हाती सहा महिन्यांच्या आत पडावा.